केडगावचा डबा, शेवगावचा डबा

१९९६ च्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या दैनिकाच्या नगर कचेरीतल्या व्यवस्थापकांनी राजीनामा दिला. तो डबलमामांनी घेतला. त्यासाठी ते नऊ वर्षं थांबले होते.

मामा संगणक विभाग सांभाळत. प्रत्येक गोष्ट दोनदा जपून ठेवत, म्हणून डबल. संध्याकाळी पान मंजूर झालं की ते मुख्य संगणकातलं पान फ्लॉपीवर उतरवत आणि त्याच पानाचं प्रूफ घडी घालून तिच्याबरोबर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. छपाईला सोडताना पुन्हा तेच. कचऱ्याच्या टोपलीतली प्रूफंही उचलत. फ्लॉपीचा एक संच, कागदाच्या झेरॉक्ससह, केडगावला त्यांच्या घरी जाई. दुसरा, अस्सल कागदांसह, दर रविवारी एसटीने शेवगावला, अक्कांकडे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण.

"एवढं कशाला, मामा?" असं मी एकदा विचारलं. तेव्हा मी उपसंपादक होतो.

"यंत्र एकटं असलं की त्याला खोटं पाडता येतं. कागदालाबी. दोघं एकाच डब्यात असले की न्हाई पाडता येत. आन् डबा ह्या इमारतीत नको."

कारण दाजी होते. अक्कांचे पती, आमच्याच छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मामांना काम त्यांनीच शिकवलं. एका बातमीत नाव बदललं गेलं, ओरड झाली. नाव बदलायला ह्याच व्यवस्थापकांनी तोंडी सांगितलं होतं. दाजींनी तसं चौकशीत सांगितलं, पण पान छापून झाल्यावर खिळे सोडून खणांत परत टाकायची रीत होती आणि प्रूफ रद्दीत गेलं होतं. दाखवायला काही उरलं नव्हतं. दाजींना काढलं. ते शेवगावला परतले आणि तीन वर्षांत वारले. कागदोपत्री दोषी ते आजही होते.

मामा नोकरीत राहिले. व्यवस्थापकांना रोज नमस्कार करत. रविवारी डबा ठेवला की अक्का एकच विचारायच्या, "घावला का?" मामा म्हणायचे, "अजून न्हाई." हे मी स्वतः ऐकलं आहे. त्यात चिडचिड नसे.

त्या फेब्रुवारीत शाळेचं छत कोसळल्याची बातमी आली. छापून आली तेव्हा तिच्यात ठेकेदाराचं नाव भलत्याचंच होतं. त्या माणसाने नोटीस पाठवली. व्यवस्थापकांनी टंकलेखन करणाऱ्या सुनंदाला दोषी धरलं. नवरा नसलेली बाई, घरात दोन मुली. मुख्य संगणकावरून ते पान पुसलं गेलं होतं. सुनंदाला काढायचं पत्र टाइप झालं. ते तिलाच टाइप करायला लावलं होतं.

मामांनी मालकांकडे चौकशी मागितली. मंगळवारी सगळे केबिनमध्ये बसले. मामांनी केडगावचा डबा उघडला आणि फ्लॉपी संगणकात घातली. संगणक ती वाचेना. पुन्हा घातली. वाचेना.

सोबतची झेरॉक्स मालक पुरावा मानेनात. व्यवस्थापक हसले. "डबल, धूळ जमवलीस रे इतकी वर्षं!"

"व्हय साहेब," मामा म्हणाले. "हा केडगावचा. शेवगावचा येतोय. पाथर्डीच्या पुढं आली असंल गाडी."

तासाभराने अक्का आल्या. "जयभीम," म्हणाल्या, डबा टेबलावर ठेवला आणि कुणी न सांगता खुर्चीवर बसल्या.

ही फ्लॉपी चालली. साडेसहाच्या प्रतीत ठेकेदाराचं खरं नाव होतं. साडेआठच्या प्रतीत दुसरं, आणि बदलाची वेळ आठ वाजून दहा मिनिटं. हजेरीवहीत सुनंदा सातला गेलेली होती. डब्यात टोपलीतून उचललेलं एक प्रूफही होतं, त्यावर खरं नाव खोडून नवं लिहिलेलं होतं. अक्षर व्यवस्थापकांचं होतं.

"हे मी नंतर, चूक शोधताना लिहिलं," व्यवस्थापक म्हणाले.

"नंतर?" मामांनी कागद मालकांकडे सरकवला. "ज्या प्रुफावर खरं नाव हाय, ते पान आठ दहानंतर यंत्रात हुतंच कुठं? आन् नोटीस आली तवा हा कागद शेवगावात हुता."

व्यवस्थापकांनी राजीनाम्यात प्रकृतीचं कारण लिहिलं. मामांनी तो परत केला. "कारण लिहा, साहेब." दुसरा लिहिला गेला. मामांनी तो उभ्यानेच वाचला, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता. सुनंदा नोकरीत राहिली. दाजींचं नाव साफ करायला मात्र मालकांनी नकार दिला. जुनं प्रकरण, पुरावा नाही, असं ते म्हणाले.

मामा पुढच्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि केडगावचे डबेही अक्कांकडे गेले. त्यांच्यानंतर प्रती काढणं बंद पडलं. १९९८ च्या पावसाळ्यात कचेरीत पाणी शिरलं, मुख्य संगणक गेला आणि तळघरातल्या जुन्या अंकांच्या फाइल्सही. मामांच्या काळातली पानं आता फक्त शेवगावात होती. मालक स्वतः गाडी घेऊन गेले. मी बरोबर होतो.

"आधी आमच्या ह्यांच्या नावाचं पत्र आना," अक्का म्हणाल्या. "दोष नव्हता, असं लिवलेलं. सही-शिक्क्यासकट."

पत्र त्याच आठवड्यात निघालं. मी ते नेऊन दिलं. अक्कांनी ते शेजारणीकडून वाचून घेतलं, घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. डबे त्यांनी दिले नाहीत.