राखणदाराचा हिस्सा

जंगलातून काही घरी आणायचं नाही, असा नियम आहे. पण किस्से कुठे ऐकतात! आघाड्याच्या बियांसारखे पदराला चिकटून येतात आणि चाळीत आल्यावर दिसतात.

आमची लालबागची चाळ. डॉक्टर म्हणाला, आजी, गुडघे चालते ठेवा. फुटपाथवर चालायचं, तर तिथे आधी दुकानं चालतात! म्हणून माझी सून मंगल हिने ग्रुप काढला. महिन्यातून एक रविवार, बोरिवलीचं जंगल. तिथल्या पायवाटेवर माझा गुडघा दुखायचंच विसरतो. सोबत घाडगे नावाचा गार्ड. हसत नाही.

*

पहिल्याच दिवशी वरळी कोळीवाड्यातून येणाऱ्या कमलने डबा उघडला. तळलेले बांगडे!

घाडगे म्हणाला, "मावशी, झाकण लावा. वासावर जनावर येतं."

कमलला राग आला. "ताजे आहेत ओ! वास मारायला काय शिळे आणलेत?"

"बिबट्याला दोन्ही चालतात," घाडगे म्हणाला.

झाकण लागलं.

*

पुढच्या वेळी कमल पायवाट सोडून टाकळ्याची भाजी खुडायला निघाली.

"पायवाट सोडायची नाही. काही तोडायचं पण नाही."

"अरे बाबा, भाजी आहे ही! इथे कोणाला ओळखता येत नाही, म्हणून एवढी माजलीय!"

"हरणांना येते."

कमल परत रांगेत आली. घरी जाईपर्यंत हरणांना शिव्या घालत होती.

*

मग तो साप. वाटेवर आडवाच. घाडगेने सांगून ठेवलेलं, साप दिसला की लांब थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, वळसा घालून झाडीत शिरायचं नाही.

आमच्यात तात्या परब वडीलधारे. मिलमध्ये होते, गाव मालवणकडचं. त्यांनी लांबूनच हात जोडले. "सावकाश जा रे देवा, आम्हाला घाई नाही."

सापाने ते मनावर घेतलं! ऊन डोक्यावर आलं तरी तिथेच.

शेवटी मंगल हळूच म्हणाली, "तात्या, थोडी घाई आहे म्हणून सांगा ना!"

*

तात्यांचंच पुढचं. त्यांच्या गावी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, हिस्सा दिल्याशिवाय रानात पाऊल टाकत नाहीत. त्यांनी वाटेच्या तोंडाशी एका दगडावर नारळ फोडून ठेवला, वर दोन वडे. आम्ही परतलो तेव्हा माकडांची पंगत बसलेली. कमल दिसताच त्यांनी तिची पिशवीच धरली. तीही सोडेना!

घाडगेने तिला सोडवलं. "माकडांना सवय लागते. मग लोक दगड मारतात. पुन्हा काही ठेवलेलं दिसलं, तर हा ग्रुप बंद!"

तात्या म्हणाले, "राखणदाराला न देता आत जाऊ कसा?"

"इथला राखणदार मी. मला पगार मिळतो."

 माझ्या गुडघ्यात कळ आली. तात्या ऐकणाऱ्यातले नव्हेत. ग्रुप गेला, की परत गॅलरीतल्या गॅलरीत फेऱ्या!

*

पुढच्या महिन्याच्या रविवारी तात्यांच्या पिशवीत नारळ. मंगल पांढरीफटक.

दगडापाशी तात्या थांबले. नारळ वर धरला, आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ही लेकरां तुझ्या दारात इली हत. तेंका सांभाळ!"

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. कुजबुजतच. जंगलात ओरडायचं नाही.

"जो कोण हय प्लास्टिक टाकीत, तेका परतीची वाट गावाक नये!"

"एवढं नको, तात्या," घाडगे मागून म्हणाला. "मग शोधायला मलाच जावं लागतं."

तात्यांनी तेवढं मागे घेतलं. मग नारळ न फोडता पिशवीत ठेवला. "आज निस्तो दाखवलंय, म्हाराजा."

घाडगे टोपी काढून जवळ आला. "बिबटिणीचं पण नाव घ्या. पिल्लं आहेत तिची."

तात्यांनी घेतलं. "होय म्हाराजा" म्हणताना घाडगेचा आवाज सगळ्यात मोठा!

नारळ चाळीत फुटला, तोही पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी. सकाळी गेटवरच तात्यांनी एक स्टीलचा डबा पुढे केला. आत त्याच नारळाच्या वड्या.

"राखणदाराचो हिस्सो."

घाडगेने उभ्या उभ्या सगळ्या खाल्ल्या. कण सांडला नाही. मग डब्याला घट्ट झाकण लावलं आणि तात्यांच्या हातात ठेवला.

"इथे काही सोडून जायचं नाही."