पिशवी उलटी करा

औषधाच्या दुकानात गेलं की माणूस चिठ्ठी पुढे करतो. आगाशेबाई चिठ्ठी हातात घ्यायच्या, पण बघायच्या दुसरीकडे, गिऱ्हाइकाच्या हाताकडे. "पिशवी आणलीत? उलटी करा." घरात चालू असलेली सगळी औषधं काउंटरवर ओतायची. बाई एकेक पट्टी भिंगाखाली धरणार, वहीत लिहिणार, आणि मग नवी गोळी द्यायची की आधी डॉक्टरांना फोन करायचा हे ठरवणार. कलकत्त्यात बालीगंजच्या त्या दुकानात मागे चार-पाच माणसं ताटकळत असायची. कोणी कुरकुरलं की त्या बंगालीत एवढंच म्हणायच्या, "तुमच्या वेळीही असाच उशीर करीन."

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो सवलतीसाठी भांडायला. माझा धंदा गलाईचा. जुने दागिने आणि सोनारांच्या दुकानातला केर वितळवून त्यातलं शुद्ध सोनं काढून द्यायचं. विट्याजवळच्या एका गावातून सातवी करून मी कलकत्त्याला आलो, बारा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर राबलो, मग स्वतःची टाकली. सांगितलेल्या भावाने मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. त्या दिवशी मी हिंदीत आवाज चढवला, तेव्हा बाईंनी चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं आणि शांतपणे मराठीत म्हणाल्या, "मोहितेदादा, सवलत मालक देतात. मी नुसती चौकशी करते."

वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, पण इथल्या सवयीने मला दादा म्हणायच्या. जन्म कलकत्त्याचा, वडील शाळामास्तर. महाराष्ट्रात कधी राहिल्या नव्हत्या. त्यांचं मराठी आईकडून आलेलं, त्यामुळे त्यांच्या वयापेक्षाही जुनं. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर बराकपूरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि रोज गाडीने सियालदाला येऊन पुढे बालीगंजला यायच्या. "दिवसभर बंगाली बोलते," एकदा म्हणाल्या, "घरी गेल्यावर कोणाशीच बोलत नाही. मराठी बोलायला तुम्ही एकच गिऱ्हाईक. तेही भांडखोर."

नवीन औषध बाजारात आलं की कंपनीचा माणूस गुळगुळीत रंगीत कार्ड घेऊन यायचा. त्यावर हसणारे आजी-आजोबा. बाई ते बाजूला सारायच्या. "हा लग्नातला फोटो झाला. कुंडली दाखवा." म्हणजे खोक्यातला तो घडीचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद. तो काउंटरवर पसरून, कोपऱ्यावर जुनं वजन ठेवून त्या जेवणाच्या सुट्टीत वाचायच्या. "अहो, मंजुरी मिळालेली आहे," तो माणूस म्हणायचा. "मंजुरी म्हणजे परीक्षा पास झाली. संसार अजून व्हायचाय. तुमच्या चाचणीत निवडून घेतलेली माणसं होती. माझ्याकडे पाच दुखण्यांची येतात." आम्हाला तेच त्या आणखी सोपं करून सांगायच्या. "नवी गोळी म्हणजे नवी सून. एकटी बघाल तर गुणाचीच. घरातल्या कोणाशी तिचं पटणार नाही, ते आधी बघायचं."

एकदा त्यांनी माझ्या धंद्याचं विचारलं. मी सांगितलं, शोऱ्याचं तेजाब, म्हणजे ॲसिड, सोन्यावर ओता, सोन्याला काही होत नाही. मिठाचं तेजाब ओता, तरी होत नाही. दोन्ही एकत्र करून ओता, मग सोनं साखरेसारखं विरघळतं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा," म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला बंगालीत तीच गोष्ट. मी दुकानात असलो तर माझ्याकडे बोट दाखवून, "हे दादा सोनं वितळवतात, त्यांना विचारा." माझ्या भट्टीवरचं ज्ञान सगळ्या बालीगंजला पाठ झालं. मला छाती फुगल्यासारखं वाटायचं.

आणि मीच तिथे खोटं बोललो.

माझ्या बायकोचं, मंगलचं, हृदय मध्येच ठेका चुकायचं. तिला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ती मी घाऊक बाजारातून आणायचो, तिथे सवलत जास्त म्हणून. प्रेशरची तिसऱ्याच दुकानातून. ज्या मालाला जिथे भाव चांगला तिथे तो घ्यायचा, हा धंद्याचा नियम. दुसरा नियम, समोरच्याला सगळे पत्ते दाखवायचे नाहीत. मंगलचे गुडघे धरले तेव्हा मी गुडघ्याच्या डॉक्टरला हृदयाची फाईल दाखवली नाही. जास्त दुखणी दाखवली की जास्त तपासण्या लिहितात, अशी माझी समजूत. मंगल काही बोलणार तोच मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. डॉक्टरने दुखण्यावरची नुकतीच बाजारात आलेली गोळी लिहून दिली. ती घाऊक बाजारात अजून पोचली नव्हती. आगाशेबाईंकडे होती.

"पिशवी?"

"विसरलो."

"वहिनींना अजून काय चालू आहे?"

बाकीचा माल दुसरीकडून घेतो हे या बाईला कशाला सांगायचं? मी म्हणालो, "काही नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काहीच नाही? या वयात?"

"काही नाही म्हणालो ना. द्यायची तर द्या, बाहेर टॅक्सी उभी आहे."

त्यांनी दिली.

दहाव्या दिवशी मंगलला शौचास काळी झाली आणि ती न्हाणीघरात पडली. पोटात रक्त वाहत होतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून विचारलं, "या दोन एकत्र कोणी दिल्या?" मी दुकानाचं नाव सांगितलं. मंगल वाचली. रक्ताच्या बाटल्या चढल्या, पंधरा दिवसांनी घरी आली. पण तोवर मी दुकानात जाऊन आलो होतो. भर संध्याकाळी, गर्दीत, हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. ही बाई जगाला पिशव्या उलट्या करायला लावते आणि मला साधं विचारलंही नाही, असं मी ओरडलो. बाईंनी वहीवर हात ठेवला होता. तो तसाच ठेवून विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

मालक घाबरला. त्याने बाईंना काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत मुदत संपलेली औषधं वेगळी काढायला बसवलं. दोन महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. मला कोणीतरी सांगितलं, मी म्हणालो, बरं झालं.

मंगल त्यानंतर तीन वर्षांनी गेली. त्या गोळीने नाही, हृदयानेच. मुलगा न्यू टाउनला, कंपनीच्या कामात. सून बंगाली, गुणी. नातवाला मराठी समजतं, उत्तर तो इंग्रजीत देतो. दोन महिने मी कोणाशी मराठीत भांडलोही नाही. मग दुकानातून बाईंचा पत्ता काढला, एका रविवारी माझी सगळी औषधं पिशवीत भरली आणि सियालदाहून बराकपूरची गाडी पकडली.

बाई दारात आल्या, बारीक झालेल्या. डोळ्यांना नीट दिसेनासं झालं होतं. मला आवाजावरून ओळखलं. "वहिनी?" मी सांगितलं. त्यांनी चहा टाकला आणि हात पुढे केला. "पिशवी आणलीत? उलटी करा." आता नावं मी वाचत होतो, अडखळत, आणि त्या ऐकत होत्या. "सगळं आणलंय ना?" "सगळं." एका पट्टीवर थांबल्या, ही दुधाबरोबर घेऊ नका म्हणाल्या. बाकी ठीक.

मी विचारलं, "त्या वहीत माझं पान आहे का?"

कपाटात वह्यांची चळत होती. त्यांनी वर्ष सांगितलं, मी पान शोधलं. त्यांचंच अक्षर. मी मोठ्याने वाचलं. "मोहिते. वहिनींसाठी गुडघ्याची नवी गोळी. पिशवी नाही. दोनदा विचारलं. काही नाही म्हणाले. खरं वाटलं नाही, तरी दिली. चूक माझी."

"ही मालकाला का नाही दाखवलीत?" माझा आवाज चढला. "एका मिनिटात तुमची जागा वाचली असती. मला तोंडावर खोटारडा म्हणायचं होतं."

"तिच्यात शंभर घरांची दुखणी आहेत, दादा. ती काउंटरवर वाचायची नसतात. आणि खरं वाटलं नव्हतं तरी दिली, हे काही तुम्ही केलं नाही."

"खोडा ते शेवटचं."

"मी कधी खोडलेलं नाही. जागा असेल तर खाली लिहा."

जागा होती. मी लिहिलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू होती. मी लपवली. मोहिते." त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "हं. हे तेव्हा कळलं असतं तर दिली नसती." आणि चहा गार होतोय म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. शेजाऱ्यांनी कळवलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

माझी तक्रार आहे ती आहेच. समोरच्याने भांडावं, भाव करावा, मग सौदा मिटतो. त्या बाईने भाव केलाच नाही. स्वतःची काउंटरवरची जागा दिली आणि मला देणेकरी करून ठेवलं.

आता औषधं फोनवरून मागवतो. दारात पिशवी येते, आणणारा फक्त फोनवर आलेला नंबर विचारतो. नवी गोळी आली की मी सगळ्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर ओततो. सोनं तपासायच्या भिंगातून तो घडीचा कागद वाचतो, कळेल तेवढा. मग एकेक नाव मोठ्याने घेतो, मराठीत, एकही न लपवता. समोरच्या खुर्चीतून "अजून काही?" असं कोणी विचारत नाही, तरी दुसऱ्यांदा पहिल्यापासून सांगतो.