मेले ते कच्चे, उरले ते पक्के

दवाखान्यात दोन गोष्टी साठत जातात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाल्यानं नेल्या. किस्से माझ्याकडंच राहिले.

निपाणीत मी कंपाउंडर होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जंतूंवरचं लाल औषध नवंच आलं होतं. बाळंतज्वरानं फणफणलेल्या एका सुनेला डॉक्टरांनी ते दिलं. असल्या तापातनं बाई वाचली तर नवल, असा तो काळ. दुसऱ्या दिवशी सासू रडत आली.

"डॉक्टर, सुनेची लघवी लालभडक झालीया. रक्त चाललंय समदं."

"रक्त नव्हे आक्का, औषधाचा रंग आहे."

ताप उतरला. बाराव्या दिवशी आक्का सांगत आली, "नातीचं नाव रंगू ठेवलंय."

मग त्याच जातीच्या, सल्फाच्या पांढऱ्या गोळ्या आल्या. तंबाखूच्या शेतात गणपाच्या पायाला खुरपं लागून पू झाला होता. त्याला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ठणका थांबला, तशा त्यानं उरलेल्या घरात वाटल्या. म्हातारीला खोकल्यासाठी, बायकोला पाठीसाठी, एक म्हशीलाबी.

महिन्यानं पाय परत सुजला. त्याच गोळ्या दिल्या, पण गुण येईना.

"मेले ते कच्चे जंतू, उरले ते पक्के," डॉक्टर म्हणाले. "आता पायात त्यांचीच पिल्लावळ आहे."

"म्हंजे तालमीतनं आलेत म्हणा," गणपा म्हणाला.

एक बोट काढावं लागलं. पुढं गावात कुणी गोळ्या अर्ध्यात सोडल्या की गणपा चप्पल काढून पाय दाखवायचा.

लढाई संपल्यावर एक शिपाई रजेवर आला, तोंड लपवत. आजार घरी सांगण्यासारखा नव्हता. दोस्तांकडनं मागून, कधी एक कधी दोन, अशा त्यानं इतक्या गोळ्या खाल्ल्या होत्या की आता त्या लागूच पडेनात. डॉक्टरांनी खटपट करून बेळगावहून बर्फात घालून पेनिसिलिन आणवलं. दर तीन तासांनी सुई, टोचणारा मी.

आठव्या सुईला तो पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "ब्रह्मदेशात जपान्यानंबी एवढं टोचलं न्हाय."

पण खरी गोष्ट आप्पांची. आप्पा जैन व्यापारी, मुंगी चुकवून चालणारे. त्यांना न्यूमोनिया झाला. श्वास लागलेला, तरी सल्फाची गोळी तोंडात घेईनात.

"जंतू मरत्यात न्हवं?"

"गोळी मारत नाही आप्पा, नुसती त्यांची वाढ थांबवते. मारतं ते तुमचंच रक्त."

आप्पांनी डोळे मिटले. "मग ते पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या," डॉक्टर म्हणाले.

आप्पांनी गोळ्या घेतल्या, पाचही दिवस. बरे झाले.

पंधरवड्यानं दुपारी काठी टेकत दवाखान्यात आले. डॉक्टरांनी नुकताच मटणाचा डबा उघडला होता.

"डॉक्टर, पाप तुमच्या माथी घातलं खरं, पण जिवाला चैन पडंना. तुमच्या वाटचे तीन उपास करून आलोय."

डॉक्टरांनी हळूच डब्यावर झाकण ठेवलं.