चिंचेच्या पाण्यातली वीज

नणंदेला सांगलीला कॉलेजात शिकायचं होतं. म्हणून त्या दुपारी ती मामंजींना चिंचेच्या पाण्यातून वीज काढून दाखवत होती. काचेच्या पेल्यात तांब्याची आणि जस्ताची पट्टी उभी होती. तारा वीज दाखवणाऱ्या काट्याच्या डबीला जोडल्या होत्या. काटा हलेना.

“वीज निजलीया जणू. ऱ्हा आता घरीच,” मामंजी म्हणाले.

ती तारा तपासत होती, पण माझ्या बाजूनं दिसत होतं, पाण्यात पट्ट्या एकमेकींना टेकल्या होत्या. टेकल्या की काटा हलत नाही, हे तिनंच मला चुलीपाशी सांगितलेलं. पण मामंजींपुढं मी बोलत नसे. पदर सावरून चहाचे कप उचलायला वाकले आणि बोटानं पट्ट्या दूर केल्या. काटा झोपेतून उठल्यासारखा सरकला.

मामंजी बघत राहिले. “आसं व्हय. जा मग सांगलीला.”

मला वाटलं, ती वीज माझ्याच बोटातून गेली.