बरणीतलं अर्धं पीठ

आंबलेल्या कणकेचा वास आला की धरमपेठेतलं ते स्वयंपाकघर आठवतं. आई तिथे स्वयंपाकाला होती. घरच्या पावासाठी मॅडमनी बरणीत कणीक आंबवली होती आणि ती जगवायचं काम आईकडे होतं. रोज अर्धी काढून फेकायची, उरलेलीत काट्यावर तोलून पन्नास ग्रॅम नवी कणीक आणि तेवढंच पाणी घालायचं. "मले नाही जमत वं पीठ फेकणं," आई म्हणाली. मी तेव्हा कामगार संघटनेची पत्रकं लिहू लागले होते. मी म्हणाले, "फेकूच नको! लोकायले खायले नाही, अन् ह्यायले मस्ती सुचून राहिली!" आईने ऐकलं. बरणी भरत गेली, एवढ्या सगळ्या आंबलेल्या कणकेला रोजचं पन्नास ग्रॅम खाद्य पुरेना. मेच्या उकाड्यात आठवडाभरात सगळं उपाशी मेलं, वर काळं पाणी साचलं. मॅडमनी बरणी उघडून पाहिली, त्या दिवशी मी आईला घ्यायला गेले होते. "फेकू नका, असं कोणी शिकवलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. "कोणी नाही मॅडम, मलेच समजलं नाही." उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी दारातच उभी होते; मीच शिकवलं हे न सांगता आईची पिशवी उचलली. आई आता तीन घरची धुणी करते, तिचे हात सोलवटलेत. आणि पत्रक लिहायला बसले की मला माझी पहिलीच ओळ खोटी वाटते.