जंगलाचा पडदा

आमच्या नगरातल्या जुन्या थेटराचा इतिहास कुणी काढला, की माणसं दगडी कमानीपासून सुरू करतात. आधी संगीत नाटकं, मग तमाशाचे फड, मग बोलपट. बायकांना वर वेगळी गॅलरी, तिला वेगळा जिना. हे सगळं खरंच आहे, मी कशाला नाही म्हणू? पण बहात्तरच्या दुष्काळात तिथं धान्याचं गोदाम होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझे वडील, आबा, तिथले पडदे रंगवायचे. रस्ता, राजवाडा, जंगल. जंगलाच्या पडद्यावर त्यांचा फार जीव. मांजरपाटावर सरस घातलेला रंग, आणि उजव्या कडेला तळ्यावर पाणी पिणारी हरणांची जोडी. दुष्काळ पडला तोवर आबांची दृष्टी पार गेली होती. रोज दुपारी जेवण झालं की विचारायचे, "पडदा टांगलेला आहे ना गं? सरसाला उंदीर लागतात."

"आहे हो, आबा," मी म्हणायचे.

कसला टांगलेला! धूळ बसू नये म्हणून तो स्टेजवरच्या मिलोच्या पोत्यांवर पसरला होता. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी घ्यायला मी रांगेत उभी राहायचे, तेव्हा समोरच दिसायचा. पहिल्यांदा वाटलं, आरडाओरडा करावा. नंतर काही वाटेनासंच झालं. नळ कोरडे, विहिरी कोरड्या, पाथर्डीकडची माणसं बायकापोरांसह रस्त्याची खडी फोडत बसलेली. त्यात एका पडद्याचं काय घेऊन बसायचं?

एकदा माझी पिशवी रांगेतच उसवली. तोलणारा म्हणाला, "थांबा ताई, बांधून देतो," आणि त्यानं पडद्याची कड धरून टर्रकन फाडली. कड आधीच बरीच गेलेली होती. माझ्यासारख्या आणखी कितीजणी त्यात धान्य बांधून घेऊन गेल्या असतील, देव जाणे. 'अहो, तो माझ्या वडिलांनी रंगवलाय,' एवढंच म्हणायचं होतं. मुकाट्यानं गाठोडं उचललं. आजही मला माझाच राग येतो, त्या बापड्याचा नाही.

धान्य निवडायचं काम आबांचं. डोळे नसले तरी खडा त्यांच्या बोटांना बरोबर सापडायचा. मी नेहमीसारखं गाठोडं त्यांच्यापुढे ठेवून सोडलं. आधी कापड बदलावं, एवढं साधं सुचलं नाही मला, इतकी बधिर झाले होते. त्यांची बोटं धान्यावरून कापडावर गेली आणि थांबली. त्यांनी कोपरा नाकाशी नेला.

"कुठला भाग आहे?"

मी वाकून पाहिलं. "हरीण."

"दोन्ही?"

"एकच."

ते पुन्हा खडे वेचू लागले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, त्यांनी हात पुसले आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "पडदा टांगलेला आहे ना गं?"

"आहे, आबा."

"सगळा?"

"सगळा," मी म्हणाले.