वायर सुधीरची नव्हती

तुम्ही सगळे खोटं लिहिताय.

सुधीरला जाऊन आज महिना झाला, तरी क्लबच्या ग्रुपवर तेच चाललंय. "सुधीरदादांची ती वायर आम्ही कधीच विसरणार नाही."

सुधीरदादांची?

ती वायर मी केली. ठाण्यात, माझ्या किचनच्या ओट्यावर, बायकोची बोलणी खात.

आणि श्रद्धांजलीखाली ज्याने वायरचा फोटो टाकलाय त्याला सांगतो, तो मोबाइलचा चार्जर आहे. डिलीट कर.

जे या लाइनमधले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. सुधीर आणि मी, दोघंही हॅम. म्हणजे रीतसर लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे. त्याच्या गाडीत दोन सेट होते. एक हॅम सेट. तो बोलतो, शिवाय गाडी कुठे आहे तेही हवेतून पाठवतो, मग इंटरनेटच्या नकाशावर त्याचा ठिपका दिसतो. दुसरा स्कॅनर. तो फक्त ऐकतो. गाडी ठाण्याहून खडवलीकडे निघाली की त्या त्या भागातले हॅम चॅनेल आपोआप लावतो.

जागा कळायला दोघांनाही जीपीएस लागतो.

सुधीरने डॅशबोर्डवर दोन जीपीएस चिकटवलेले. मध्ये गणपती.

मी कोपरला त्याच्याकडे गेलेलो तेव्हा स्कॅनर म्हणत होता, गाडी कोपरला आहे. हॅम सेट म्हणत होता, खाडीत.

"पोहता येतं ना रे तुला?"

"हसू नको. सिग्नल हलतो कधीकधी."

"अरे, एक जीपीएस दोघांना पुरतो."

"मग काय, दोघांना एकाच ताटात बसवू?"

"बसव. फक्त वाढणारा एकच पाहिजे."

वायर एवढीच आहे. जीपीएसची बोलणारी तार दोन्ही सेटच्या ऐकणाऱ्या तारांना. ग्राउंड तिघांचं एक. डेटाचा स्पीड तिघांचा सारखा. आणि हॅम सेटची स्वतःची बोलणारी तार कशालाच जोडायची नाही. टेप लावून मोकळी सोडायची.

हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही. केबली जाळून शिकलो.

लावून दिली. चालली. मग एके दुपारी फोन.

"तुझी वायर बोगस आहे. दोन्ही सेट आंधळे झालेत."

ठाण्याहून कोपरला गेलो. डॅशबोर्डखाली डोकं घातलं. ती मोकळी तार साहेबांनी जीपीएसच्या तारेला सोल्डर केलेली.

"हे काय आहे?"

"लोंबकळत होती रे. उगाच एक तार वाया कशाला घालवायची?"

वाया!

मोकळी तार बघवत नाही, हा आपल्या सगळ्या हॅम लोकांचा रोग आहे. एकाच तारेवर दोघं बोलायला लागले, आणि कोणाचंच कोणाला कळेना.

काढली. टेप गुंडाळली. "आता हिला हात लावलास तर बघ," म्हणालो.

मग टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये क्लबची मीटिंग. सुधीरने माइक घेतला, वायर वर धरली. "ही मी केली. आणि लक्षात ठेवा, एक तार मोकळी सोडायची. तीच खरी गोम आहे."

शब्द न् शब्द माझा.

टाळ्या झाल्या. तुम्हीच वाजवल्यात.

मी उठून बाहेर आलो. का, ते एकानेही विचारलं नाही.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. रविवारी सकाळी रेडिओवर हजेरी असते, त्यात तो दर वेळी विचारायचा, "ठाणे आहे का?" ठाणे म्हणजे मी.

मी ऐकायचो. फक्त ऐकायचो.

नकाशावर त्याचा ठिपका मात्र रोज बघायचो. वायर चालते का ते तपासायला. गैरसमज नको.

मध्यंतरी तो ठिपका कल्याणला एका हॉस्पिटलच्या बाहेर दिसायला लागला. वरचेवर. मला वाटलं, कोणी नातेवाईक असेल. सांगायला तोंड होतं त्याला. माझा नंबरही बदललेला नाही.

मग ठिपका दिसायचाच बंद झाला. नंतर तुमचा मेसेज.

काल वहिनींचा फोन आला. "भावोजी, गाडी विकायचीय. ते सेट तेवढे काढून द्या."

"क्लबमधल्या कोणालाही सांगा ना, वहिनी."

"नाही. हे म्हणायचे, त्या वायरला दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस. ज्याची आहे तो येईल."

ज्याची आहे.

म्हणजे घरात खरं बोलायचास. हातात माइक होता तेव्हा काय झालेलं रे?

गेलो. चावी फिरवली. दोन्ही सेट लागले. दोघंही म्हणाले, कोपर.

महिन्याहून जास्त दिवसांनी ठिपका नकाशावर परत आला.

डॅशबोर्डखाली वाकलो. मी गुंडाळलेली टेप निघालेली होती. त्या मोकळ्या तारेच्या टोकावर सुधीरने काळी रबरी टोपी चढवली होती, गरम करून घट्ट बसवलेली. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता.

काम स्वच्छ होतं. माझ्यापेक्षा स्वच्छ. हे एकदाच लिहितोय.

जीपीएस काढला. ठिपका त्याच्या बिल्डिंगखाली थांबला. नवीन काही आलं नाही की नकाशा थोड्या वेळाने जुना ठिपका पुसून टाकतो.

पुसेपर्यंत मी मोबाइल धरून गाडीत बसून होतो. वहिनींना वाटलं, स्क्रू निघत नाहीयेत.

वायर आता माझ्या घरी आहे. कोणी बघायला मागू नका. ग्रुपवर दुरुस्ती करा, वायर माझी, टोपी सुधीरची.

भावपूर्ण वगैरे तुमचं लिहून झालंच आहे. रेडिओवर आम्ही निरोप घेताना सेव्हंटी थ्री म्हणतो, मला तेवढंच येतं.

सुधीर, ठाणे आहे.

सेव्हंटी थ्री.